दोरी उतरवली का?

मृग लागायच्या आत आमच्या चाळीत सगळ्यांची एकच धांदल असते. कुणी पत्र्यावर प्लास्टिक टाकतो, कुणी भोकांना डांबर लावतो, कुणी खाटेखालच्या ट्रंका विटांवर चढवतो. आमच्या घरी या सगळ्याच्या आधी एक काम होते. आतल्या भिंतीवरचे धनुष्य खालच्या खुंट्यांवरून वरच्या खुंट्यांवर जाते. फेब्रुवारी सरत आला की ते परत खाली येते. कारण सरळ आहे. बाबासाहेबांची जयंती येईपर्यंत पत्रा असा तापतो की त्याच्याखालच्या हातभर जागेत पापड वाळावेत. आणि पावसाळ्यात फरशीला घाम सुटतो, ती ओल भिंतीत गुडघ्याइतकी वर चढते. धनुष्याला दोन्ही सोसत नाही. म्हणून एकाच भिंतीवर त्याला दोन जागा केल्या आहेत, एक उन्हाळ्याची आणि एक पावसाळ्याची.

आम्ही राहतो कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीच्या अंगाला, दहा बाय चौदाच्या खोलीत. आम्ही नवरा-बायको, दोन मुली आणि आजोबा. आमच्यातला एक अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीला जातो, एक घरी शिलाई मशीन चालवते. थोरली मुलगी यंदा दहावीला. सातवीत असताना ती मैत्रिणीबरोबर डोंबिवलीच्या मैदानावर गेली आणि धनुर्विद्येच्या नादी लागली. तिथले सर फी फार घेत नाहीत. पण धनुष्य ज्याचे त्याने आणायचे आणि ज्याचे त्याने घरी सांभाळायचे, हा त्यांचा नियम. पहिले वर्ष तिने मैदानावरच्या जुन्या धनुष्यावर काढले. मग दिवाळीचा बोनस आणि भिशीचे पैसे एकत्र करून आम्ही साडेचार हजारांचे बांबूचे धनुष्य घेतले. आमच्या घरात रोज हात लागणारी तेवढ्या किमतीची दुसरी वस्तू म्हणजे शिलाई मशीन.

हा आकडा आमच्यासारख्यांना मोठाच आहे. पण ऑलिम्पिकमध्ये टीव्हीवर दिसते ते धनुष्य वेगळे. त्याला धातूची मूठ, कार्बनची पाती, नेम धरायला यंत्र, तोल सांभाळायला दांडे. त्याचा सगळा संच घ्यायचा तर हिशेब लाखांत जातो. बांबूच्या धनुष्याची स्पर्धा निराळी असते, तिला ‘इंडियन राउंड’ म्हणतात. त्यात मोठ्यांसाठी ५० मीटर आणि ३० मीटर अंतरावर निशाण असते आणि नेम धरायचे यंत्र लावता येत नाही. शाळेच्या पोरांना आत शिरायला हाच दरवाजा आहे. रांचीजवळच्या रातू चट्टीची दीपिका कुमारी, वडील रिक्षा चालवणारे. ती लहानपणी घरी केलेल्या बांबूच्या धनुष्यावरच शिकली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दोन सुवर्णपदके घेतली. आपल्या सातारा जिल्ह्यातला, फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव हाही मजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा. २०२१ साली टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये ही दोघे मिश्र जोडी म्हणून शेजारी शेजारी उभी होती. त्या दिवशी आमच्या खोलीत शेजारची दहा-बारा माणसे टीव्हीसमोर बसली होती.

शिवाय ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. हे गणित आम्ही मनात केले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. म्हणून हे धनुष्य बिघडले तर आमच्या घरी एक खेळणे मोडले असे होत नाही, मुलीचे वर्ष मोडते.

धनुष्य घरात आले त्याच आठवड्यात शेजारची आत्या दारात येऊन म्हणाली, “अगं, आपण बुद्धाचे लोक. सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणता आणि भिंतीला तीरकमठा?” थोरलीने उत्तर दिले, “आत्या, निशाण गवताचं आहे. त्याला लागत नाही.” आत्या हसली. पण आजोबांनी तो विषय तिथे सोडला नाही. त्यांनी चूळमालुंक्य सुत्ताची गोष्ट काढली. विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणाला, की मारणारा कोण, धनुष्य कसले, दोरी रुईच्या धाग्याची की बांबूच्या सालीची की जनावराच्या स्नायूची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, तर तो माणूस तसाच मरेल, असे भगवंतांनी मालुंक्यपुत्ताला सांगितले. यावर आत्या म्हणाली, “मग तुम्ही तरी कशाला विचारता, दोरी कसली म्हणून?” आजोबा म्हणाले, “आपल्याला बाण लागलेला नाही, आपल्याला धनुष्य सांभाळायचं आहे. आपण विचारलंच पाहिजे.” अडीच हजार वर्षांपूर्वी दोऱ्या कशाकशाच्या होत असत ते मात्र त्या सुत्तामुळे आम्हांला कळले.

आजोबांचा या विषयावर हक्क आहे. ते रेल्वेत गँगमन होते आणि १९७० नंतरची काही वर्षे आसनगाव ते कसारा पट्ट्यात त्यांची गँग होती. आटगावच्या बाजूच्या एका ठाकराने त्यांना एक तीरकमठा दिला होता. तो आजही घरात आहे. एकाच मानवेल बांबूच्या दांड्याचा, मध्ये जाड, टोकांना निमुळता, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. त्या माणसाचे सांगणे आजोबांना अजून पाठ आहे: बांबू पावसाळा संपून थंडी पडल्यावर तोडायचा, कोवळा घ्यायचा नाही, वाहत्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा. यामागचे कारण आम्हांला पुढे सरांनी सांगितले. बांबूत पिठूळ सत्त्व असते आणि किडा त्यासाठीच येतो. पाण्यात ठेवले की ते सत्त्व निघून जाते, मग किड्याला खायला उरत नाही. त्या ठाकराच्या घरी कमठा चुलीच्या वर, आढ्याला अडकवलेला असायचा. धुराने काळा झालेला, पण किडा नाही, बुरशी नाही. आज आमच्या घरात गॅस आहे. धूर नाही, याचे घरातल्या बाईला सुखच आहे, पण कमठ्याची राखण करणारा तो धूरही गेला. आता ते काम आपल्या हातांनी करावे लागते.

‘लाकडी धनुष्य’ असे सगळे म्हणतात, पण बांबू हे खरे तर गवत. १९२७ च्या वन कायद्यात तो झाडांमध्ये धरला होता. २०१७ साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडांच्या यादीतून निघाला. गवत असल्यामुळे त्याचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ धावतात आणि सालीकडे ते सगळ्यांत दाट असतात. म्हणून सालीची गुळगुळीत बाजू नेहमी निशाणाकडे ठेवतात आणि आतली पांढुरकी बाजू आपल्याकडे. ओढताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. हे एकदा कळले की सांभाळण्याच्या बाकीच्या गोष्टी आपोआप समजतात. सालीला नखाएवढा चरा गेला तरी काळजी करायची, कारण सगळा ताण तिथे आहे. आणि दाबली जाणारी बाजू फार वेळ दाबलेलीच राहिली तर तिची उसळी जाते.

म्हणूनच आमच्या घरात रोज संध्याकाळी एक प्रश्न विचारला जातो: दोरी उतरवली का? मुलगी मैदानावरून येते, चप्पल काढते आणि पाणी प्यायच्या आत हा प्रश्न येतो. दोरी चढवलेले धनुष्य म्हणजे वाकवून ठेवलेले धनुष्य. रात्रभर तसे राहिले तर सकाळी दोरी काढूनही थोडा बाक उरतो. तो बाक वाढत गेला की ओढ कमी होते, बाण खाली पडू लागतो, आणि मुलीला वाटते की आपलाच हात बिघडला. पावसाळ्यात हे आणखी लवकर होते, कारण हवेतली ओल पिऊन बांबू मऊ पडतो. उलट वैशाखात फार सुकले तर ते कडक होऊन मोडायची भीती. साग असो की बांबू, तोडून कितीही वर्षे झाली तरी तो हवेतले पाणी घेत असतो आणि सोडत असतो. थोरलीने कुठेसे वाचले ते तिने आम्हांला सांगितले. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ नावाचे लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले, ते १९८२ साली वर काढले, तर त्यात शंभराहून जास्त लाकडी धनुष्ये सापडली. चारशे वर्षे समुद्राच्या गाळात! वारा नाही, उजेड नाही, भिजणे नाही की सुकणे नाही, एकसारखे ओलेच. आमच्या कल्याणात मात्र सकाळी सर आणि दुपारी ऊन, लाकडाने करावे तरी काय?

तेव्हा जागा निवडताना आम्ही आधी भिंती तपासल्या. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस सरळ आपटतो. तिथे कॅलेंडरचे कागदसुद्धा फुगतात. मोरीकडची भिंत बाद. स्वयंपाकाच्या ओट्याकडे वाफ. उरली शेजारच्या खोलीला लागून असलेली मधली भिंत, जी दोन्हीकडून घरातच आहे. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आधीपासून तिथेच आहे, कारण कागदाला आणि बांबूला एकच भिंत मानवते. तसबिरी आम्ही वीतभर वर घेतल्या आणि खाली धनुष्याला जागा केली. लाकडाच्या दोन खुंट्या, मुठीपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर, त्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले. धनुष्य आडवे राहते. कोपऱ्यात उभे टेकवून ठेवले की सगळा भार खालच्या पात्यावर येतो आणि ते पाते पिळते. दोरीने खिळ्याला टांगू नये. गादीखाली तर मुळीच नको, आणि ज्यांची घरे आमच्याएवढीच लहान आहेत त्यांना पहिली सुचते ती गादीचीच जागा.

पिशवी कापडाची. आजीचे एक जुने सुती लुगडे होते, त्याची दुहेरी पिशवी शिवली, तोंडाला नाडी. लोक प्लास्टिकमध्ये गुंडाळतात, पाणी लागू नये म्हणून. पण प्लास्टिकला आतून घाम येतो आणि तो घाम बाहेर जात नाही. पावसातून लोकलने येताना वरून प्लास्टिक चालते, घरी आले की ते आधी काढायचे, कोरड्या फडक्याने दोन्ही पाती पुसायची, घटकाभर पंख्याखाली ठेवायचे आणि मग पिशवीत. उन्हात वाळवायचे नाही. आजकालच्या धनुष्यांत बांबूच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, त्या उन्हाने सुटतात. लोकलमध्ये सामानाच्या फळीवर ठेवले तर कुणीतरी त्यावर बॅग टाकतेच. म्हणून डोंबिवलीहून कल्याणला येताना थोरली ते पायांच्या मध्ये उभे धरते. लेडीज डब्यातल्या बायका विचारतात, “काय गं, गळ टाकायला चाललीस का?” आता तिला सवय झाली आहे.

तेलाबद्दल लोकांचे गैरसमज पुष्कळ. खोबरेल लावू नये, गोडेतेल लावू नये. ती चिकट राहतात, धूळ धरतात. लागते ते अळशीचे तेल. रंगाच्या दुकानात उकळलेले मिळते, त्याला बेल तेल म्हणतात. ते वाळते आणि लाकडावर पातळ कवच धरते. आजोबांच्या कमठ्याला वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, चमचाभर तेल फडक्यावर घेऊन चोळतो आणि जे मुरले नाही ते पुसून घेतो. थोरलीच्या धनुष्याला वार्निश आहे, त्यात तेल मुरतच नाही. त्याला मेणाचा हात पुरतो. वार्निश कुठे उडाले तर तेवढ्याच जागी बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून पुन्हा लावायचे. एक सावधगिरीची गोष्ट: अळशीच्या तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ते वाळताना तापते आणि ढिगात आपोआप पेटू शकते. दोरीवर पसरून वाळवावे, मगच टाकावे. पत्र्याच्या चाळीत हे विसरून चालणार नाही.

दोरीला मधमाश्यांचे मेण. बोटांत घेऊन चोळले की उबेने ते धाग्यांत शिरते. दोरी केसाळ दिसू लागली की समजावे, मेण मागते आहे. एक धागा तुटला तरी दोरी बदलायची, कारण ओढलेल्या धनुष्याची दोरी तुटली तर दोरीबरोबर धनुष्यही जाते.

तसेच बाण न लावता दोरी ओढून सोडणे. पाहुणे आले की त्यांचा हात भिंतीकडे जातोच. बाणाला मिळायचा तो सगळा जोर मग पात्यांतच परत जातो आणि चांगले धनुष्य एका झटक्यात तडकते. यावर उपाय म्हणून थोरलीने दोरीच वेगळी ठेवायला सुरुवात केली, बिस्किटाच्या डब्यात. आता पाहुण्यांच्या हाती नुसती काठी लागते.

एकलव्याची गोष्ट आपल्या घरांत वेगळ्या कानांनी ऐकली जाते. १९८५ पासून देशातल्या उत्तम प्रशिक्षकांना जो पुरस्कार देतात त्याला द्रोणाचार्यांचे नाव आहे. ती बातमी आली की आजोबा पेपर घडी घालून बाजूला ठेवतात. थोरलीने पहिल्याच महिन्यात येऊन सांगितले, की आजोबा, दोरी ओढायला अंगठा लागतच नाही! तर्जनी बाणाच्या वर, दोन बोटे बाणाच्या खाली. आजोबा बराच वेळ आपला पंजा पाहत बसले. पण अंगठ्याचे एक काम उरले आहे. दोरी चढवल्यावर मूठ मिटून धनुष्याच्या मुठीवर ठेवायची आणि अंगठा दोरीकडे ताठ करायचा. टोक दोरीला टेकले की अंतर बरोबर, साधारण सहा-सात इंच. आज टेकते आणि उद्या दोरी अंगठ्याच्या अलीकडे आली, तर दोरी ताणली आहे. मोजपट्टीची गरज नाही.

महिन्यातून एकदा कापसाची परीक्षा. कापसाचा बोळा सालीच्या बाजूने टोकापासून टोकापर्यंत हलका फिरवायचा. डोळ्याला न दिसणारी कूस उठली असेल तर कापूस अडकतो. आणि पिशवी उघडताना आत बारीक पिठासारखा भुसा पडला आहे का ते पाहायचे. पीठ दिसले तर किडा आत आहे. आजोबांच्या कमठ्याला गॅस आल्यानंतर दोन भोके पडली. कडुलिंबाचे तेल सोडून किडा थांबला, पण भोके पात्याच्या मधोमध आहेत. त्या दिवसापासून त्या कमठ्याला दोरी चढली नाही आणि चढणारही नाही. तो आता घरातला म्हातारा माणूस.

यंदाच्या जुलैत थोरलीने बोळा फिरवला आणि वरच्या पात्यावर, मुठीपासून दुसऱ्या पेराजवळ, कापूस अडकला. तिने आम्हांला दाखवला तेव्हा तिचा आवाज बसला होता. गव्हाच्या कुसळाएवढी कूस. तिथे नखाने दाबले की वर येणारी. बांबूत असे होते, पेराच्या जागी तंतू वाकडे वळतात आणि कधीतरी एखादा सुटतो. शालेय जिल्हा स्पर्धा अकरा दिवसांवर आली होती. दहावीचे वर्ष, म्हणजे हीच शेवटची संधी.

त्या रात्री घरात कुणी नीट जेवले नाही. आमच्यातच दोन मते झाली. एकाचे म्हणणे, त्या जागी धागा गुंडाळून सरस लावला तर अकरा दिवस निघतील, क्रिकेटच्या बॅटला नाही का गुंडाळत? दुसरीचे म्हणणे, बॅट मोडली तर हातात राहते, हे मोडले तर तोंडावर येते. थोरली म्हणत होती, “मी कमी ओढीन.” धाकटी काहीच न बोलता सगळ्यांकडे पाहत होती. नवे घ्यायचे तर पावसाळ्यात बोनस नाही, भिशीचा नंबर जानेवारीत.

सकाळी पाळी बुडवून धनुष्य सरांकडे नेले. त्यांनी कूस पाहिली, पाते डोळ्यासमोर धरून लांबीवर नजर टाकली आणि पिशवीत परत घातले. म्हणाले, “छोट्या फटीवर धागा चालतो, पण ही पेराला लागून आहे. हे ओढायचं नाही. स्पर्धा असली तरी नाही.” मग थोडा विचार करून त्यांनी डोंबिवली पश्चिमेचा एक पत्ता दिला.

जुन्या इमारतीचा तिसरा मजला. दार उघडले ते पन्नाशीच्या एका मावशींनी. दोन घरी पोळ्या करायला जातात. त्यांची मुलगी पूर्वी सरांकडे शिकत होती. लग्न होऊन सुरतेला गेली, त्याला चार पावसाळे झाले. आतल्या बोळातल्या भिंतीवर, दोन खुंट्यांवर, जुन्या चादरीच्या पिशवीत तिचे धनुष्य आडवे होते. दोरी काढून मेणकागदात गुंडाळून पावडरच्या डब्यात. मावशींना धनुर्विद्येतले काही कळत नव्हते. मुलीने जाताना जे सांगितले ते त्या करत होत्या: दर महिन्याला पुसायचे, पावसात खिडकी बंद ठेवायची, कुणाला हात लावू द्यायचा नाही. आम्ही विचारले, “मावशी, चार वर्षं कुणासाठी ठेवलंत?” त्या म्हणाल्या, “कुणासाठी कशाला? ती आली की विचारील, म्हणून ठेवलं.” आमच्यासमोर त्यांनी सुरतेला फोन लावला. पलीकडून मुलगी बोलली, थोरलीशीच बोलली, आम्हांला फक्त इकडचे ऐकू आले: “हो ताई. हो. नाही, उन्हात नाही ठेवणार. हो, उतरवते ना रोज.”

सरांनी ते धनुष्य लगेच पूर्ण ओढू दिले नाही. इतकी वर्षे विसावलेला बांबू एकदम ताणला तर तो तडकतो. आधी कापूस फिरवला, दोरी नवी चढवली, अंगठ्याने अंतर पाहिले, मग पाव ओढ, दुसऱ्या दिवशी अर्धी, असे करत चौथ्या दिवशी पूर्ण. बांबू घट्ट होता. चार पावसाळ्यांत त्याने बाक धरला नव्हता. त्याची ओढ थोरलीच्या धनुष्यापेक्षा थोडी जास्त निघाली, म्हणून पहिले दोन दिवस तिचा खांदा दुखत होता आणि रात्री मिठाच्या पाण्याने शेक चालला होता.

स्पर्धेत तिचा सहावा नंबर आला. पुढे निवड झाली नाही. घरी येऊन ती रडली, जेवली, आणि दोरी उतरवून धनुष्य पुसायला बसली. दुसऱ्या रविवारी आम्ही ते परत करायला गेलो, तर मावशी म्हणाल्या की त्यांची इमारत धोकादायक ठरली आहे, भाड्याच्या खोलीत जायचे आहे आणि तिथली भिंत कशी असेल ठाऊक नाही. “तुमच्याकडेच राहू दे थोडे दिवस. तुमची भिंत कोरडी आहे, पोरीनं सांगितलं मला.” त्यानंतर दर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन येतो. आधी मुलींची चौकशी, मग धनुष्याची.

कूस उठलेले धनुष्य कारागिराकडे गेले आहे. वरच्या पात्याची बाहेरची पट्टी काढून नवी बसवता येईल, पण पावसाच्या हवेत सरस धरत नाही, थंडीत चांगला बांबू हाती आला की करतो, असे त्याने कळवले. तोवर थोरली मावशींच्या मुलीच्या धनुष्यावर सराव करते, सकाळी अभ्यास आणि संध्याकाळी मैदान. पुढच्या वर्षी कॉलेजकडून खेळायचे म्हणते. धाकटीनेही मैदानावर जायचा हट्ट धरला आहे. मधल्या भिंतीवर आता खुंट्यांच्या तीन जोड्या झाल्या आहेत आणि चौथी कुठे ठोकायची यावर घरात रोज वाद चालू आहे.